मारुतीची आक्का

नगरपालिकेच्या सभागृहात शिरताना इंदाक्का चप्पल दाराबाहेर काढायची. बाकीचे सगळे नगरसेवक बूट-चपला घालून आत जायचे आणि दारात तिचा एकच जोड पडलेला असायचा, अंगठा शिवून घेतलेला. एकदा शिपायानं तो कुणा अर्जदाराचा समजून जिन्याखाली नेऊन टाकला. सभा संपल्यावर ती अनवाणीच घरी आली. दुसऱ्या दिवशी शिपायाला विचारायला म्हणून गेली, त्याच्या बायकोचं बाळंतपण कधी आहे ते विचारलं, डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगितलं आणि चप्पल न मागताच परत आली. शेवटी मीच ती शोधून दिली.

मी त्याच नगरपालिकेत आरोग्य विभागात क्लार्क होतो. गावाचं नाव सांगत नाही. निपाणीहून बेळगावकडं येताना हायवेवरून आमची पाण्याची टाकी दिसते, एवढं पुरे. यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात. इंदाक्का मात्र आता नाही. गेल्या थंडीत ती गेली, तेव्हा मी खानापूरला होतो, मला फोनवर कळलं.

ती आमच्या गल्लीत आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. नवी नवरी टेंपोतून उतरली आणि तिचा हात धरून माझ्याएवढाच एक पोरगा उतरला. तो मारुती, तिचा भाऊ. पाठराखणीला आला असेल, दोन दिवसांनी परत जाईल, असं सगळ्यांना वाटलं. तो गेलाच नाही. जायला जागाच नव्हती. मारुती अंगावर पीत असतानाच त्यांची आई वारली, बाप गोव्याला कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. निपाणीला चुलतीच्या सोप्यात बसून बिड्या वळत इंदाक्कानं त्याला वाढवलं होतं, स्वतः अजून परकर-पोलक्यात असताना. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, की भाऊ बरोबर येईल. तिचा नवरा, आम्ही त्याला आप्पा म्हणायचो, तंबाखूच्या वखारीत हमाल होता. फार कमी बोलायचा. तो म्हणाला, येऊ दे. त्या दोघांना मूल झालं नाही, आणि आप्पाही लवकर गेला. मग आमच्या घरासमोरच्या त्या घरात बहीण-भाऊ दोघंच राहिली.

बिड्या पुढं सुटल्या, पण तिच्या बोटांची सवय सुटली नाही. सभेत बसली की अजेंड्याचा कागद तिच्या हातात आपोआप वळला जायचा. खुर्चीखाली कागदाच्या बारीक, घट्ट, सुबक बिड्या पडलेल्या असायच्या. एकदा अध्यक्षांनी पाणीपट्टीच्या विषयाचा कागद पुढं करायला सांगितलं, तर तो तिच्या हातात दोरा गुंडाळण्याच्या बेताला आला होता. अध्यक्ष हसले, तीही हसली. मग तिनं तो उलगडून मांडीवर हातानं इस्त्री केल्यासारखा सपाट केला आणि पुढं दिला.

ती नगरसेविका झाली ती वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून. गल्लीतल्या पुढाऱ्यांना कुणाला त्रास न देणारी बाई हवी होती. विधवा, मूलबाळ नाही, सगळ्यांच्या लग्नात भाकऱ्या बडवायला पुढं. तिचं नाव सुचवायला कुणाची हरकत आली नाही. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्यापुढं कानडीतले कागद ठेवले गेले. तिला मराठी वाचता यायचं, कानडी बोलता यायचं, पण कानडी अक्षर येत नव्हतं. मी संध्याकाळी तिच्या कट्ट्यावर बसून कागद मराठीत सांगायचो. सही ती मराठीत करायची. कुणीतरी कुरकुर केली तेव्हा तिनं महिनाभर पाटीवर गिरवून कानडी सही शिकून घेतली. नंतर ती दोन्ही सह्या करायची, वर मराठी, खाली कानडी. मुख्याधिकारी म्हणाले, आक्का, एक पुरे. तर म्हणाली, वरची माझी हाय, खालची तुमची.

आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. इंदाक्काही तशीच बोलायची, आणि मला आठवते ती त्याच बोलीत आठवते.

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असा वरून हुकूम आला तेव्हा प्रत्येक नगरसेवकानं आपापल्या वॉर्डात तो समजावून सांगायचा होता. बाकीच्यांनी पत्रकं वाटली. इंदाक्का घरोघरी गेली. आमच्या मागच्या गल्लीत एका बंगल्यातल्या वहिनी कुणाचं ऐकत नव्हत्या. कर भरतो, वर कचरा पण आम्हीच निवडायचा का, असं त्यांचं म्हणणं. इंदाक्कानं वाद घातला नाही. ती त्यांच्या पायरीवर बसली, त्यांचीच बादली पुढं ओढली आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागली. शेंगांची टरफलं इकडं, दुधाची पिशवी तिकडं. तोंडानं मात्र वहिनींच्या मुलीच्या लग्नाची चौकशी. पोरगा काय करतो, मानपान किती, हॉल कुठला. वहिनी आधी उभ्या होत्या, मग टेकल्या, मग बोलता बोलता त्यांचाही हात बादलीत गेला. त्यानंतर त्या घराच्या दोन बादल्या कधी चुकल्या नाहीत, आणि लग्नाची पहिली पत्रिका इंदाक्काला आली.

मारुती तिच्याहून अगदी वेगळा. मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा, रस्त्यावर भेटला तर पाठीवर थाप मारल्याशिवाय न सोडणारा. शाळा त्याला जमली नाही. सायकलवरून भंगार गोळा करण्यापासून सुरुवात करून त्यानं ओढ्याच्या काठाला पत्र्याचं मोठं गोडाऊन टाकलं. गावातल्या कचरा वेचणाऱ्या बायका त्याच्याकडंच माल घालायच्या. मापात त्यानं कुणाला कधी फसवलं नाही. लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून त्यानं स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी त्यानं इंदाक्काला सगळ्यांत आधी आत नेलं आणि म्हणाला, आक्का, आता तुला माहेर झालं.

हे तो नुसतं बोलला नाही. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी जातात, न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. दरवर्षी पंचमीच्या सकाळी मारुती मुराळी होऊन यायचा. टेंपोला झेंडूच्या माळा, स्वतः पांढरी टोपी घालून. इंदाक्का नवं लुगडं नेसून पिशवी भरून तयार असायची. घर दोन गल्ल्यांवर. चालत गेली असती तर चहा निवला नसता. पण मारुती तिला पुढं बसवून हॉर्न वाजवत आधी हायवेला न्यायचा, तिथून साखर कारखान्याच्या रस्त्यानं वळसा, एका हॉटेलात भजी, आणि मग घरी. माहेर लांब पाहिजे आक्का, म्हणायचा, त्याशिवाय न्यायला आल्यासारखं वाटत न्हाय. ती पदर तोंडाला लावून हसत बसलेली असायची. टेंपो गल्लीतून निघताना आम्ही सगळे दारात उभे राहून बघायचो.

मग सुक्या कचऱ्याचं टेंडर निघालं.

घरोघरचा सुका कचरा उचलायचा, निवडायचा, विकला जाईल तो विकायचा, आणि जो कुणी घेत नाही तो सिमेंट कारखान्याच्या भट्टीला पाठवायचा, अशी ती सगळी अट होती. शेवटी दोघंच उरले. एक बाहेरगावची कंपनी, आणि दुसरा मारुती. कंपनीचे लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते, कानडीत बोलत होते, आणि गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मारुतीला सगळं गाव ओळखत होतं. वेचणाऱ्या बायकांना तो कामावर घेणार होता. आपला माणूस आहे, हे वाक्य त्या दिवसांत मी पालिकेच्या जिन्यात रोज ऐकत होतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दोघांच्याही जागा बघायला तीन नगरसेवकांची पाहणी समिती नेमली, त्यात इंदाक्का होती. तिनं अध्यक्षांना सांगून बघितलं, की मारुती भाऊ आहे, मला नको. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या वॉर्डातलं गोडाऊन, तुम्ही नाही तर कोण.

मारुतीच्या गोडाऊनची पाहणी झाली त्या दिवशी टिपणं घ्यायला मी बरोबर होतो. त्यानं सगळं लखलखीत केलं होतं. पुठ्ठ्याला वेगळा कप्पा, बाटल्यांना वेगळा, बायकांच्या हातात नवे हातमोजे. बाकीचे दोघं सदस्य खूष होते. इंदाक्का चालत चालत मागच्या बाजूला, ओढ्याकडं गेली. तिथं सगळीकडं ताजा तांबडा मुरूम पसरला होता. तिनं चपलेच्या टोकानं थोडा उकरला. खाली काळं होतं. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनं बघितलं. पायानंच तिनं मुरूम परत सारखा केला.

मारुती वायर जाळायचा. वरचं प्लॅस्टिक जळलं की आत तांबं मिळतं. आणि विकलं न जाणारं बाकी सगळं, चपलांचे तळवे, थर्माकोल, चॉकलेटचे कागद, तेही त्याच आगीत. उजाडायच्या आधी धूर व्हायचा आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर उतरायचा. तिथल्या बायका इंदाक्काकडं तक्रार घेऊन यायच्या. नगरसेविका म्हणून यायच्या, आणि मारुतीची बहीण म्हणून नाव न घेता बोलायच्या. तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. मारुती तिच्याकडं जेवायला बसला की त्याच्या शर्टाला तो वास असायचा. तिनं त्याला कितीदा तरी सांगितलं होतं, त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेऊन सोडतो म्हटलं होतं.

पाहणीच्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं त्याला विचारलं, सगळ्या गावाचा कचरा आला तर न विकलेलं कुठं घालणार. तो म्हणाला, अटीत लिहिलंय की, सिमेंटच्या भट्टीला. ती म्हणाली, लिहिलंय ते सोड, खरं सांग. तो हसला. एवढ्या लांब गाड्या पाठवायला परवडत नाही, सगळेच जाळतात, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस. मग तिनं सांगितलं, मला सभेत विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

"तुला कोण इचारतंय आक्का," मारुती म्हणाला. "तू नुसती बस."

आणि त्यानं तिला जेवायला वाढलं. ती जेवून आली.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या बाकावर मारुती बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कुंदा मिठाईचा खोका, बेळगावहून मुद्दाम आणलेला. इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यातल्या टेबलाशी. विषय आला. अध्यक्षांनी समितीच्या एका सदस्याला विचारलं, तो म्हणाला समाधानकारक. दुसराही तेच म्हणाला. मग अध्यक्ष इंदाक्काकडं बघून हसले आणि म्हणाले, आक्कांना काय विचारायचं, त्या तर बहीणच. सभागृह हसलं. अध्यक्षांचं पेन ठरावाच्या कागदावर टेकलं होतं.

खरंच, तिला कुणी विचारलं नाही. ती बसून राहिली असती तर खोटं बोलल्याचा ठपका तिच्यावर आला नसता.

ती उभी राहिली. हातातला कागद तिनं खाली ठेवला, तो अर्धवट वळलेला होता.

"मारुती माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "मीच वाढवलाय. कामाला वाघ हाय, कुणाला फसवत न्हाय. पण जे इकत न्हाय ते तो वढ्याला जाळतो. परवा आमी बघितलं तिथं वर मुरूम हाय, खाली राख हाय. गावाचं काम दिलं तर गावाचं जाळंल."

मुख्याधिकारी हळूच म्हणाले, कूड्री आक्का. बसा. त्यांना तिला थांबवायचं नव्हतं, तिनं पुढच्या खुर्चीचा आधार घेतला होता म्हणून ते म्हणाले. ती बसली नाही. मागं वळून तिनं मारुतीकडं बघितलं, आणि तिथंच, भरल्या सभेत, घरात बोलावं तसं म्हणाली, "मी सांगितलं हुतं रं तुला."

मारुती उठला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. गर्दीत हात सुटलेल्या पोराचा असतो तसा तो होता. तो खोका बाकावर ठेवून निघून गेला. शिपायाला त्या कुंद्याचं काय करावं कळेना. तो खिडकीत ठेवला, आणि तिथंच मुंग्या लागून गेला.

फेरपाहणी झाली, मुरूम उकरला, ठराव कंपनीच्या बाजूनं झाला. पुढचं लोक बोलले ते बोलले. कंपनीनं बाईला विकत घेतलं, असं काहीजण म्हणाले. गल्लीतल्या बायका पाण्याला उभ्या असताना तिच्या कानावर जाईल असं म्हणायच्या, की परक्यासाठी सख्ख्या भावाच्या अन्नात माती कालवली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून कुणी तिच्या बाजूनं बोलायला आलं नाही. त्यातल्या निम्म्या बायका मारुतीच्याच गोडाऊनला कामाला होत्या. पुढच्या निवडणुकीला तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. चप्पल काढायची कटकट गेली, एवढंच म्हणाली.

त्या वर्षी पंचमीला ती नवं लुगडं नेसली. पिशवी भरली, कट्ट्यावर आणून ठेवली आणि शेजारी बसली. मी ऑफिसला निघालो तेव्हा बसली होती, आणि संध्याकाळी परत आलो तेव्हाही होती. गल्लीतून एकेकीचे भाऊ येऊन गेले. अंधार पडायच्या आधी तिनं पिशवी उचलून आत नेली आणि दार लावलं. मी मारुतीला जाऊन भेटलो. त्यानं मला बसवलं, चहा दिला, सगळं नीट बोलला. पण आक्काचं नाव काढल्याबरोबर उठून टेंपो पुसायला गेला.

घरोघरचा माल कंपनीकडं जायला लागल्यावर त्याचं गोडाऊन चालेना. शेवटी त्यानं पत्रे उतरवले, टेंपो विकला. आणि थोड्या दिवसांनी आमच्या गल्लीत कंपनीची हिरवी घंटागाडी आली, तेव्हा ड्रायव्हरच्या जागी मारुती होता. गल्ल्या त्याच्याएवढ्या कुणाला पाठ नव्हत्या, कंपनीनं त्याला बोलावून घेतलं होतं. कंपनी काम चांगलं करत होती, हेही सांगितलं पाहिजे. गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग कमी झाला. ओढ्याच्या काठाला धूर राहिला नाही.

पण रोज सकाळी ती गाडी इंदाक्काच्या दारात थांबायची.

पहिल्या दिवशी ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि स्टिअरिंगमागं मारुतीला बघून पायरीवरच थांबली. मागं उभ्या असलेल्या कामगारानं पिशवी घेतली. मारुती समोर काचेकडं बघत राहिला. गाडी पुढं गेली. त्या दिवसापासून तिचा सुका कचरा बघण्यासारखा झाला. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून. बाटल्यांची झाकणं वेगळ्या पुडीत. पुठ्ठे दोऱ्यानं बांधलेले, गाठ बिडीच्या दोऱ्याची असते तशी बारीक. कधी ती त्या पिशवीवर बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवायची. कामगार डबा उचलून ड्रायव्हरकडं बघायचा, ड्रायव्हर मान हलवायचा, आणि डबा परत कट्ट्यावर यायचा. ती दिवसभर तो तिथंच ठेवायची.

मग मारुतीला खोकला लागला. गाडीचं गाणं वाजत असायचं, तरी त्यातून तो ऐकू यायचा, कोरडा, खोल, थांबतच नाही असा. सणाच्या दिवसांत एकदा कामगार नव्हता म्हणून मारुती स्वतः खाली उतरला. मी दाढी करत खिडकीत उभा होतो. तो पिशवी घ्यायला पुढं आला आणि खोकायला लागला, गाडीला हात टेकून वाकला. इंदाक्का पायरी उतरून त्याच्याजवळ गेली. त्याच्या पाठीवर ठेवायला तिचा हात वर झाला, पण पाठीला लागला नाही.

"दवाखान्यात दाखीव रं," ती म्हणाली.

त्यानं पिशवी उघडली, आत बघितलं. त्यात चुकून एक लिंबाची फोड गेली होती. ती काढून त्यानं कट्ट्यावर ठेवली.

"मॅडम," तो म्हणाला, "ओला यात टाकू नका."

आणि गाडीत चढला. ती लिंबाची फोड हातात घेऊन उभी राहिली. त्या दिवशी मी तिच्याकडं गेलो, तर चूल पेटली नव्हती. "मॅडम म्हणाला रं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्याकडं न बघता. तक्रार असल्यासारखं नाही, काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल तर मी दुरुस्त करीन, अशा आशेनं.

पुढं माझी खानापूरला बदली झाली. बायको-मुलं तिकडंच आली, गल्ली सुटली. मारुतीची तब्येत ढासळल्याचं, गाडी सुटल्याचं कानावर यायचं. मग एका सकाळी इंदाक्काचा फोन आला. मारुतीला बेळगावला मोठ्या दवाखान्यात आणलंय. त्याची बायको रेखा, तिनंच बोलावून घेतलंय. इथले कागद कुणाला कळत नाहीत, तू येशील काय?

मी पहिल्या बसनं गेलो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कामातून गेली आहेत, इतकी वर्षं धूर घेतलेला दिसतोय. दुपारी घशातून नळी घालायची, तोवर तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नर्सनं हे रेखाला सांगितलं, इंदाक्काला सांगितलं, कानडीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. मी सह्यांचे कागद घेऊन काउंटरला गेलो. रेखा बाहेर मुलीला फोन करत होती. परत आलो तेव्हा दाराच्या काचेतून दिसलं, आत इंदाक्का एकटीच होती. ती पलंगाच्या कडेला, अगदी टोकावर बसली होती, चप्पल दाराबाहेर. मारुतीनं तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला आणि काहीतरी बोलला. ती वाकली. त्यानं परत तेच सांगितलं असावं. ती तशीच वाकून राहिली, मग मास्क उचलून तिनं त्याच्या तोंडावर नीट बसवला, रबर कानामागं अडकवलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत बसली.

नळी घालायला नेला, तिथंच तो गेला.

रेखाचे नातेवाईक आले, रडणं झालं, गाडीची व्यवस्था सुरू झाली. इंदाक्का कुठं दिसेना म्हणून मी शोधत गेलो, तर ती आवारात, पिंपळाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसलो. तेव्हा ती बोलली.

"आक्का म्हणाला."

मी तिच्याकडं वळलो.

"आक्का, पाणी दे, म्हणाला. दोनदा म्हणाला." तिनं दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले होते. "नर्सबाईनं नको म्हटलं हुतं. मी दिलं न्हाय."

मी म्हणालो, आक्का, ते बरोबरच होतं, देऊन चाललं नसतं.

"व्हय," ती म्हणाली. "माझं सगळं बरोबरच हुतं."

वरून रेखाच्या भावानं हाक मारली, निघायचंय म्हणून. माझ्याकडं पाण्याची बाटली होती. मी बूच उघडून तिच्या हातात दिली, म्हणालो, दोन घोट घे, सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही. तिनं बाटलीकडं बघितलं. मग बूच घट्ट लावलं, बाटली माझ्या हातात परत दिली आणि हाक आली होती त्या बाजूला चालायला लागली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.